‘जीवनशैली बदला’ म्हणणाऱ्यांनो, आधी गोळ्या द्या!

दवाखाना सरकारी असो की खाजगी, भिंतीवर एक पोस्टर हमखास असते. मीठ कमी खा, रोज ३० मिनिटे चाला, फळे-भाज्या भरपूर घ्या, ताण घेऊ नका, रक्तदाब टाळा. पोस्टरवर पांढरे बूट घातलेले एक हसरे जोडपे बागेत चालताना दिसते. त्याच भिंतीपलीकडच्या औषधाच्या खिडकीवर मात्र कितीदा तरी उत्तर मिळते, “बीपीच्या गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या.” पुढच्या आठवड्यात यायचे म्हणजे आणखी एक खाडा. खाडा म्हणजे हजेरी गेली. हजेरी वाचवायची तर गोळी सोडायची. गोळी सुटली की काही महिन्यांनी, काही वर्षांनी ‘अंगावरून वारे जाते’. आणि मग तेच शहाणे लोक म्हणतात, “या लोकांना आरोग्याची जाणीवच नाही.”

पोस्टरवरच्या एकाही वाक्याला आमचा आक्षेप नाही. मीठ कमी केल्याने रक्तदाब कमी होतो, हे खरे आहे. चालण्याने होतो, वजन उतरल्याने होतो, हेही खरे आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. अर्धे सत्य सांगून उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी झटकली जाते, आणि वर दोषही रोग्याच्याच माथी मारला जातो, हा आमचा आक्षेप आहे.

नवा कर्मसिद्धांत

मित्रांनो, ही पद्धत आपल्याला नवी नाही. शतकानुशतके आपल्याला सांगण्यात आले की तुम्ही या जातीत जन्मलात ते मागच्या जन्मीच्या कर्मामुळे. गावकुसाबाहेरची जागा कुणी दिली, पाणवठा कुणी बंद केला, हे प्रश्न विचारायचेच नाहीत. सगळा हिशेब ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच खात्यावर. बाबासाहेबांनी हा कर्मसिद्धांत झुगारून दिला आणि माणसाच्या दुःखाची कारणे याच जन्मात, याच समाजव्यवस्थेत शोधायला शिकवले.

आज तोच सिद्धांत डॉक्टरी भाषेत परत येतो आहे. लकवा झाला? तुमची जीवनशैली. किडनी गेली? तुमची जीवनशैली. मागच्या जन्मीच्या पापाच्या जागी आता लोणचे आणि तंबाखू आली, एवढाच फरक. पहाटे पाचला झाडू हातात घेणारी बाई काय खाते, कधी झोपते, किती भाड्याच्या खोलीत राहते, हे तिने ‘निवडले’ आहे, असे या शब्दात गृहीत धरलेले असते. ज्याला निवडीला वाव आहे त्याची ‘शैली’ असते. ज्याला वाव नाही त्याची परिस्थिती असते. परिस्थितीला शैली म्हणणे ही या व्यवस्थेची जुनी सवय आहे.

हा साहेब लोकांचा रोग नाही

आपल्या वस्त्यांमध्ये अजूनही एक समज घट्ट आहे की बीपी हा एसीत बसणाऱ्यांचा, तूप-लोणी खाणाऱ्यांचा रोग. आकडे काय सांगतात ते पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यावर गोळ्या घेत होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाने प्रौढांमधले प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर नोंदवले. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, म्हणून आकडे वेगळे आहेत. पण दोन्हींचा अर्थ एकच : तुमच्या घरात चार-पाच मोठी माणसे असतील, तर त्यातल्या एखाद्याचा रक्तदाब वाढलेला असण्याची दाट शक्यता आहे.

रोग सगळ्या जातींत आहे, हे आम्ही नाकारत नाही. फरक पुढे सुरू होतो. रक्तदाब मोजला जाणे, उपचार सुरू होणे आणि तो टिकून नियंत्रणात राहणे, या तिन्ही पायऱ्यांवर गरीब माणूस मागे पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अहवालात म्हटले की जगात रक्तदाब असलेल्या ५ पैकी ४ जणांवर पुरेसे उपचार होत नाहीत. तो पाचवा, ज्याच्यावर होतात, तो बहुधा कोण असतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आणि परिणाम? ज्याच्याकडे विमा, बचत आणि पगारी रजा आहे त्याला लकवा झाला तर फिजिओथेरपी मिळते. नाका कामगाराला लकवा झाला तर मुलीची शाळा सुटते, मुलगा बापाच्या जागी कामाला लागतो, आणि ज्या पहिल्या पिढीने पदवीपर्यंत पोहोचायचे असते ती बारावीतच थांबते. म्हणून हा विषय ‘आरोग्य’ या सदरात टाकून मोकळे होण्याचा नाही. हा शिक्षणाचा, रोजगाराचा, चळवळीच्या पुढच्या पिढीचा विषय आहे.

उपदेश कुणाच्या ताटाला?

आता एकेक उपदेश तपासू.

‘मीठ कमी करा.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सगळे मिळून एक छोटा चमचा. आपण त्याहून बरेच जास्त खातो. पण गरिबाच्या ताटात मीठ जास्त का असते? कारण भाजी नसते. भाकरी नुसती घशाखाली उतरत नाही. ती ठेच्यासोबत, लोणच्यासोबत, चटणीसोबत, खारवलेल्या मासळीसोबत उतरते. ताजे विकत घ्यायला पैसा नाही आणि ठेवायला फ्रिज नाही, त्या घरात वाळवणे आणि खारवणे हीच साठवण असते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीची जी नोंद केली आहे ती वाचा. मग कळेल की आपले ताट हे चवीच्या आवडीनिवडीतून घडलेले नाही. ते नाकारलेपणातून, वाट्याला आले त्यातून माणसे जगवण्याच्या हिकमतीतून घडले आहे.

इथे आणखी एक लबाडी होते. रक्तदाबाच्या नावाखाली ‘सात्त्विक आहार’ विकला जातो आणि बोट दाखवले जाते ते मांसाकडे. रक्तदाबाच्या बाबतीत पहिला आरोपी मीठ आहे. लोणचे, पापड, फरसाण, शेव, खारी हे सगळे शुद्ध शाकाहारी आहेत आणि मिठाने भरलेले आहेत. तेल-चरबी प्रमाणात ठेवावी, मांस खारवून-वाळवून कमी आणि ताजे जास्त खावे, हा सल्ला आम्हाला मान्य आहे. पण आरोग्याच्या आडून ताटाची जात ठरवू नका.

‘फळे-भाज्या, कडधान्ये, कमी चरबीचे दूध घ्या.’ या सल्ल्यामागे भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत ‘डॅश’ नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब असलेल्या लोकांचा वरचा आकडा अशा आहाराने सुमारे ११ अंकांनी उतरला. एखाद्या गोळीने उतरावा तेवढा! त्या प्रयोगात निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. पण हे सांगणारे एक गोष्ट सांगत नाहीत. त्या प्रयोगात सहभागी झालेल्यांना सगळे जेवण संशोधन केंद्रांनी तयार करून दिले होते. फुकट. आठवडेच्या आठवडे. म्हणजे विज्ञानाने काय सिद्ध केले? चांगले अन्न माणसाच्या ताटात पोहोचले तर रक्तदाब उतरतो. चांगल्या अन्नावर भाषण दिल्याने तो तेवढाच उतरतो, असे त्या प्रयोगाने सिद्ध केलेले नाही. अन्नाचा पुरावा दाखवून भाषण देऊन निघून जाणे, ही फसवणूक आहे.

‘रोज चाला.’ कुणाला सांगता? रस्ता झाडणाऱ्याला, धुणीभांडी करत चार इमारतींचे जिने चढणाऱ्या बाईला, हमालाला? ते घाम गाळतातच. पण ओझ्याखाली, मुकादमाच्या धाकात, विश्रांतीविना केलेले श्रम आणि मोकळ्या मनाने केलेले चालणे यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो, हे अभ्यासक सांगत आले आहेत. आणि ज्यांना बैठे काम आहे त्यांनी चालायचे कुठे? वस्तीत पदपथ नाही, मैदानावर टॉवर उभा राहिला.

‘ताण घेऊ नका.’ हा तर क्रूर विनोद आहे. कंत्राट दर वर्षी संपते, खोलीवर नोटीस लागलेली असते, आडनाव ऐकून घर नाकारले जाते. हा ताण आम्ही घेत नाही, तो आम्हाला दिला जातो. अमेरिकन संशोधक शर्मन जेम्स यांनी १९८० च्या दशकात कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचा अभ्यास करून मांडले की ज्याच्या हाती साधने कमी आणि ज्याची जिद्द प्रचंड, अशा माणसाला परिस्थितीशी सतत झगडण्याची किंमत शरीराने, रक्तदाबाने मोजावी लागते. जॉन हेन्री या लोककथेतल्या नायकावरून त्यांनी या अवस्थेला नाव दिले. तो यंत्राशी शर्यत लावतो, जिंकतो आणि कोसळतो. आपल्या चळवळीतले असे किती जॉन हेन्री तुम्हाला आठवतात? चहा, वडापाव आणि तंबाखूवर दिवस काढणारे, मोर्च्यात पुढे, दवाखान्यात कधीच नाही, आणि पन्नाशीच्या आतच हार घातलेल्या फोटोत गेलेले?

सलूनमधला धडा

उपदेश आणि औषध यांची थेट तुलना झाली तर काय होते? झाली आहे. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांत एक प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तदाब वाढलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते. एका गटात न्हाव्यांनी गिऱ्हाइकांना जीवनशैली बदलायला आणि डॉक्टरकडे जायला सांगितले. दुसऱ्या गटात औषधतज्ज्ञ स्वतः सलूनमध्ये येत, रक्तदाब मोजत आणि डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीनुसार तिथेच औषधे सुरू करत, वाढवत.

सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी ९ अंकांनी उतरला. दुसऱ्या गटाचा २७ अंकांनी. दुसऱ्या गटातल्या जवळपास ६४ टक्के लोकांचा रक्तदाब १३०/८० च्या खाली आला. पहिल्या गटात हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास राहिले.

हा प्रयोग आपल्याला दोन गोष्टी सांगतो. एक, सल्ला आपुलकीच्या माणसाने दिला तरी तो एकटा पुरत नाही. दोन, औषध माणसाच्या वस्तीत, त्याच्या विश्वासाच्या जागेत नेले तर ‘या लोकांना जाणीव नाही’ हे वाक्य खोटे ठरते. जाणीव होतीच. पोहोच नव्हती.

आता आपल्या घरात डोकावू

इथवर वाचून माना डोलावणाऱ्यांना आता थोडे कडू ऐकावे लागेल. कारण व्यवस्थेला जाब विचारण्याचा अधिकार त्यालाच शोभतो जो स्वतःच्या अंगणातला कचराही दाखवतो.

आपण गोळ्या सोडतो. “एकदा सुरू झाली की आयुष्यभर सुटत नाही, सवय लागते,” असे म्हणत सुरूच करत नाही. रक्तदाबाची गोळी ही दारू-तंबाखूसारखी सवय नाही. चष्म्याने डोळ्याला व्यसन लागत नाही. चष्मा काढला की अंधुक दिसते, कारण नजर मुळात कमी असते. गोळीचेही तसेच आहे.

“आता नॉर्मल आली, म्हणून बंद केली.” नॉर्मल आली ती गोळीमुळे. बंद केली की ती परत चढणार.

“मला काही त्रासच होत नाही.” बहुतेकांना होतच नाही. डोके दुखेल, चक्कर येईल, मग बघू, म्हणून थांबलेल्या माणसाला पहिले लक्षण म्हणून लकवाच भेटतो.

“सैंधव मीठ खातो.” सैंधव असो, समुद्राचे असो, ते सोडियम क्लोराईडच आहे. रंग गुलाबी असल्याने रक्तदाब फसत नाही.

“हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे.” धंदा आहे, आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन यांची पेटंटे केव्हाच संपली आहेत. दोन्ही औषधे राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत आहेत, त्यांच्या किमतीवर मर्यादा आहे, आणि जनऔषधी दुकानात ती अगदी थोड्या पैशांत मिळतात. धंदा पाहायचा असेल तर रक्तदाब ‘मुळापासून’ घालवणाऱ्या काढ्यांच्या बाटल्यांवरची किंमत पाहा.

आणि लकवा झाला की काय करतो? ‘वारे गेले’, ‘बाहेरचे झाले’ म्हणत कुणाकुणाच्या दारात नेतो. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडते, हे लाजिरवाणे आहे. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. ते साडेचार तास मांत्रिकाच्या ओट्यावर गेले तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोबडी वळली, की १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन असलेले रुग्णालय. मध्ये कुठेही थांबायचे नाही.

औषध घेण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी बाबासाहेबांचे शेवटचे दशक आठवावे. मधुमेहाने शरीर पोखरले होते, इन्सुलिन घ्यावे लागत होते. ते उपचार घेत घेतच ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे लेखन झाले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा झाली. औषध घेणारा माणूस दुबळा नसतो.

गोळ्या : भीती सोडा, माहिती घ्या

शिका, असे बाबासाहेब म्हणाले तेव्हा ते फक्त पदवीपुरते नव्हते. म्हणून थोडे शिकून घेऊ.

रक्तदाब दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर उपचाराचा विचार होतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नाही. पाच मिनिटे पाठ टेकून बसायचे, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलायचे नाही. दोनदा मोजायचे. मनगटाच्या यंत्रापेक्षा दंडाला पट्टा बांधायचे यंत्र बरे.

औषधे मुख्यतः तीन-चार प्रकारची. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. काहींच्या घोट्यावर सूज येते. टेल्मिसार्टनसारखी औषधे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाची क्रिया अडवतात. ती गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून मूल हवे असलेल्या बायकांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. एनालाप्रिल त्याच घराण्याच्या जवळचे, त्याने काहींना कोरडा खोकला येतो. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाईड ही जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढतात. त्यांच्यावर असताना रक्तातले क्षार अधूनमधून तपासावे लागतात. त्रास झाला तर गोळी बदलता येते. ‘सोसली नाही’ म्हणून उपचार सोडायचे नसतात, गोळी बदलून मागायची असते. अनेकांना एक गोळी पुरत नाही, दोन लागतात. याचा अर्थ रोग हाताबाहेर गेला असा नाही. सकाळी घ्या की रात्री, फार फरक पडत नाही. रोज ठरलेल्या वेळी घ्या.

एक गोष्ट कष्टकऱ्यांनी गाठीला बांधून ठेवावी. कंबर-गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून रोज घेतली जाणारी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवते आणि किडनीला मारक ठरते. बीपी असलेल्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि या खटाटोपातून मिळते काय? अनेक मोठ्या प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणानुसार वरचा आकडा १० अंकांनी उतरला तर पक्षाघाताचा धोका सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होतो.

मग जीवनशैलीचे काय?

बदलायची. नक्की बदलायची. पण पोस्टरच्या धाकाने किंवा अपराधी भावनेने नव्हे, चळवळीची शिस्त म्हणून. जे आपल्या हातात आहे ते व्यवस्थेच्या नावावर ढकलणेही अप्रामाणिकपणाच.

दारू रक्तदाब वाढवते. पंचशीलातले पाचवे शील आणि २२ प्रतिज्ञांमधली दारू न पिण्याची प्रतिज्ञा फक्त वंदनेपुरती आहे का? गटारात उतरणारा माणूस दुर्गंधी सहन व्हावी म्हणून पितो, हे आम्हाला माहीत आहे. त्याला दोष देण्याआधी हाताने मैला साफ करून घेणाऱ्यांवर २०१३ च्या कायद्याखाली गुन्हे नोंदवा. पण जयंतीच्या मिरवणुकीत पिणाऱ्याला हे कारण लागू नाही.

तंबाखू, मिश्री, विडी, गुटखा हे रक्तदाबाच्या जोडीला आले की हृदयविकार आणि लकव्याचा धोका कितीतरी वाढतो. वजन जास्त असेल तर उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रक्तदाब साधारण एका अंकाने उतरतो. जेवताना वरून मीठ घेणे बंद. लोणचे-पापड रोज नको. ठेच्यात मीठ अर्धे, लिंबू जास्त. पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठही बाजारात आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. मात्र किडनीचा आजार असलेल्यांनी आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. आणि ते साध्या मिठापेक्षा महाग आहे. ते रेशनवर का नाही? हाही आपलाच प्रश्न.

सरकारला जाब

आम्ही काही अशक्य मागत नाही. हे कसे करायचे ते सरकारला माहीत आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे पहिले जिल्हे. सूत्र सोपे : सर्वांसाठी ठरलेली मोजकी औषधे, त्यांचा अखंड साठा, परिचारिकेकडून घराजवळ पुढच्या महिन्याच्या गोळ्या, आणि कोण आले नाही याची नोंद. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे गरिबाला गोळी पोहोचवली तर तो घेतो, हे याच देशात दिसून आले आहे. मग तुमच्या-आमच्या वस्तीतल्या केंद्रात साठा संपतोच कसा?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, असे जाहीर केले गेले. औषध बाहेरून आणायला सांगितले तर तो मोफत उपचार कसला? औषध खरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे दिली, मग २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. खरेदीदार बदलले, खिडकीवरचे उत्तर बदलले का? त्याच वर्षी उपकेंद्रांचे नामकरण ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले. नागरिकाच्या हक्काच्या दवाखान्याला मंदिर का म्हणायचे, हा एक प्रश्न. आणि मंदिरच म्हणायचे असेल तर तिथे प्रसादापुरते तरी अॅम्लोडिपिन ठेवा, ही किमान अपेक्षा.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार जनतेचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात आरोग्य येते, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटले आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव भाषणाच्या पहिल्या वाक्यात घेणारा महाराष्ट्र कशाची वाट पाहतो आहे?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आज कंत्राटी सफाई कामगारांपैकी कितीजणांच्या हातात ते कार्ड आहे? पगारातून कपात होते, पण कार्ड नाही, अशी प्रकरणे तुमच्या वस्तीत सापडतील. शोधा.

काय करायचे?

जयंतीला, महापरिनिर्वाण दिनाला आरोग्य शिबिरे होतात. चांगली गोष्ट आहे. पण रक्तदाब मोजला, आकडा चिठ्ठीवर लिहिला, बॅनरसमोर फोटो काढला, आणि पुढे? रोग आयुष्यभराचा, शिबिर एका दिवसाचे. मोजून सोडून देणे म्हणजे आग लागल्याचे सांगून निघून जाणे.

अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सचे नाव आपण अभिमानाने घेतो, कारण १९७२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने त्यांच्यापासून प्रेरणा घेतली. पण काळ्या जॅकेटांच्या फोटोंपलीकडे एक गोष्ट आहे. त्यांनी आपल्या वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले, आजारांच्या तपासण्या केल्या. आरोग्य हा त्यांच्या लढ्याचाच भाग होता. आपण पँथरची डरकाळी घेतली, दवाखाना मागे राहिला. तो आता उभा करू.

एका बुद्धविहारात किंवा अभ्यासिकेत दंडाला बांधायचे एक यंत्र. मिरवणुकीच्या डीजेच्या एका तासाच्या भाड्यात ते येईल. आठवड्यातला एक ठरलेला वार. एक वही : नाव, आकडा, गोळी कोणती, कधी संपणार. त्या वहीतला आकडा चारचौघांत वाचायचा नाही. वस्तीतल्या ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचे एकदा मोजायचे. १४०/९० च्या वर आलेल्याला नुसते ‘डॉक्टरकडे जा’ सांगायचे नाही, सोबत जायचे. १८० च्या वर गेलेला आकडा, त्यासोबत छातीत दुखणे, धाप किंवा अशक्तपणा असेल तर त्याच क्षणी रुग्णालय. गोळी आपण द्यायची नाही, ते डॉक्टरांचे काम. पण ती मिळाली का, घेतली का, हे पाहणे आपले काम.

आणि खिडकीवर ‘गोळ्या संपल्या’ असे उत्तर आले की तारीख, केंद्र, औषधाचे नाव वहीत नोंदवायचे. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी निवेदन, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज : मागणी किती केली, साठा किती आला, किती दिवस शून्य होता. उत्तर नाही आले तर त्या केंद्रासमोर धरणे. पुतळ्याच्या विटंबनेवर रस्त्यावर उतरणारा समाज आपल्या आईच्या गोळीसाठीही उतरतो, हे एकदा दिसू द्या.

आपली माणसे साठीच्या आत जाणे हे नशीब नाही, आणि एकट्याच्या चुकीचे फळही नाही. मीठ आपण कमी करू, दारू आपण सोडू, चालायलाही जाऊ. पण महिन्याच्या ३० गोळ्या घराजवळ, मोफत, न चुकता, ही भीक नाही. तो हक्क आहे, आणि तो घेतल्याशिवाय आपण गप्प बसणार नाही.

या आठवड्यात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा रक्तदाब मोजून घ्या. सुरुवात तिथून.

जय भीम! जय संविधान!